छज्जा

पहिल्यांदा वाटलं, गांधीलमाशी.
गॅलरीत मेंदी लावून बसले होते,
गाऊनवर जुना टॉवेल, डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी,
आणि बरोबर कोरफडीच्या कुंडीसमोर
चार पंखांचं काहीतरी येऊन
थांबलं.
माशी अशी थांबत नाही. माशीला कामं असतात.

समोरच्या बिल्डिंगमधले नाबर
तीस वर्षं बघतायत आमच्याकडे,
पण बघताना पेपर धरतात.
तेवढी रीत
या यंत्राला कुणी शिकवली नव्हती.

मीटिंगमध्ये चहा येईपर्यंत
तिघींचे पडदे दुप्पट जाड झाले.
दाभाडेंना वाटतं, टॅक्सवाल्यांनी पाठवलंय.
सेक्रेटरी म्हणाले, नियम बघतो.
गच्चीत पापड घालायचा नियम आहे,
कुत्र्यांचा आहे, होळीच्या पाण्याचा आहे,
खिडकीबाहेरच्या हवेचा
सापडला नाही.

म्हणून मीच गेले. बी विंग, पडवळांचा ओजस.
मिशी अजून नीट ठरत नाहीये त्याची.
"काकू, शप्पथ, मी मिठागरांकडे चाललो होतो,
वाऱ्याने तुमच्याकडे आणलं."
आणि फोनच दिला हातात.

मिठागरं होती खरी. पांढरे चौकोन, मधे पाणी,
मुलुंडात इतकं आभाळ आहे
हे मला ठाऊक नव्हतं.
मग आमची गच्ची, निळं ताडपत्रं, टाकी,
मग मी शोधलं मला.
होते. अर्धा सेकंद.
डोक्याला पिशवी बांधलेली एक बाई,
कुणाचीही काकू.
भांडायला गेले होते, आणि खोटं कशाला बोलू,
थोडं वाईटच वाटलं.

"थांबा, गंमत दाखवतो," म्हणाला,
आणि दोन बोटांनी चित्र ताणलं.
तिसऱ्या मजल्याचा छज्जा,
खिडकीतून कितीही वाकलं तरी न दिसणारा.
दोन शटलकॉक. एक मोजा. कबुतराची काटकीकुटकी.
आणि कलंडलेली एक स्टीलची वाटी.
"नावसुद्धा वाचता येतं, काकू!"

सौ. उर्मिला. २१-५-९१.

ती वाटी कावळ्याने नेली होती.
सासूबाईंना मी तसंच सांगितलं,
ह्यांनी मान खाली घालून जेवता जेवता
"हो, कावळाच" म्हटलं,
आणि सहाच्या सेटमधल्या पाच वाट्यांवर
संसार पुढे गेला.
आमटीसकट भिरकावली होती.
कशावरून, ते आठवत नाही,
आणि विचारायला आता हे नाहीत.

"हुक लावून आणू वर? दीडशे ग्रॅम
आरामात उचलतो हा."
नको, म्हटलं. कावळ्याची आहे.

त्याने नावाकडे बघितलं,
माझ्याकडे बघितलं,
आणि पोरगं शहाणं निघालं,
फोन टेबलावर पालथा ठेवला.

संध्याकाळी सेक्रेटरींच्या कागदावर
सगळ्यांच्या खाली मीही लिहिलं :
खिडक्यांपासून लांब उडवावा.
छज्ज्यांपासून
त्याहून लांब.
सही केली तर हात आपोआप
वाटीवरच्या अक्षरासारखा चालला,
ठिपक्या-ठिपक्यांनी.