अंतर्देशीय

दौलतगंजातल्या घरी, पत्र्याच्या पेटीत
बाबांचा तिकिटांचा आल्बम आहे.
आल्बमच्या मागच्या खिशात एक पाकीट,
ग्वाल्हेरहून निघालेलं,
ग्वाल्हेरलाच परत आलेलं.

मूस जॉ. कॅनडातलं गाव.
बाबा नाव सांगायचे तेव्हा आम्ही हसायचो,
सांबराचा जबडा म्हणे!
तिथला लॉर्न मॅकेक्रन, गव्हाच्या शेतातला,
बाबांहून दोन वर्षांनी मोठा.
त्याला हवी होती 'ग्वालियर' छापलेली तिकिटं,
शक्यतो छपाई चुकलेली.
बाबांना हवं होतं जहाजाचं.

त्यानं विचारलं, तू समुद्र पाहिलायस?
बाबांनी लिहिलं, नाही.
सागरताल आहे, पण तो नावापुरता सागर.
त्यानं लिहिलं, मीही नाही. इथे चहूकडे गहू,
वारा सुटला की लाटा येतात, तेवढंच.
जो आधी बघेल त्यानं दुसऱ्याला कळवायचं.

मग त्याच्या पत्त्यात गावाच्या जागी आकडा आला.
'जहाजानं इंग्लंडला पोचलो,
पण तळाच्या खोलीत, बादलीत तोंड घालून.
हे पाहणं नव्हे. हे मोजू नकोस.'

चव्वेचाळीसचा जून.
फ्रान्सच्या किनाऱ्यावर सकाळचे आठ वाजत आले
तेव्हा ग्वाल्हेरात दुपारचे बारा टळलेले.
हा हिशेब बाबांनी पुष्कळ वर्षांनी मांडला,
कॅलेंडरच्या पाठीवर, पेन्सिलीनं.
म्हणजे मी, ते म्हणाले,
वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारत होतो.
तांब्या, तांब्या.

तिकडे होडीचं पुढचं दार पाण्यात पडलं,
आणि समोर तो होता,
कमरेएवढा, गार, तेलकट.
पुढे वाळू, वाळूपुढे भिंत,
भिंतीतून बंदुका.

कॅनडाची पोरं त्या दिवशी फार आत गेली,
बाबांनी पुस्तकात वाचलं,
संध्याकाळपर्यंत शेतं लागली, गव्हाचीच.
लॉर्न त्या गव्हापर्यंत पोचला का
ते पुस्तकात नाही.

पाकीट दिवाळीनंतर परत आलं.
जांभळा शिक्का, पत्त्यावर तिरकी रेघ.
आत 'ग्वालियर' उलटं छापलेलं तिकीट आहे.
बाबांनी कधी उघडलं नाही.

एकाहत्तराव्या वर्षी, भाचीच्या लग्नासाठी,
त्यांना आम्ही अलिबागला नेलं.
ओहोटी होती. पायजमा गुडघ्यावर घेऊन
ते पाण्यात शिरले, आणि वळून
किनाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले.
आम्ही ओरडलो, बाबा, समुद्र तिकडे आहे!
मग चालत आले, सावकाश, ओठ हलवत,
सुरूच्या झाडांपाशी थांबले.
तीनशे बारा, म्हणाले.
पावलं. ओझ्याशिवाय.

रात्री लॉजवर त्यांनी एक अंतर्देशीय मागितलं.
म्हटलं, बाबा, ते परदेशात जात नाही.
म्हणाले, माहीत आहे.
पेन दे.