काल, उरी

थोरल्या दवाखान्यात माझा अकरावा दिवस.
इथल्या बायका म्हणतात, 'मी आलो, मी बसलो',
आणि मी, वर्ध्याची, केसपेपरवर
'स्त्री' लिहिताना दोनदा मान वर करते.

'पोटात कालवतंय' याला माझ्या जाड पुस्तकात शब्द नाही.
चमक, कळ, ठणका, रग,
चारही खाटांपुढे 'पेन' लिहून मोकळी झाले.
सरांनी कागद परत दिला :
'चौघांना एकच सदरा शिवलास होय?'

रात्री अडीचला बाळव्वा आली, निपाणीकडची.
पदराला तंबाखूचा वास.
नातू गाडी लावायला गेला तो गेलाच.
काय होतंय, विचारलं.
म्हणाली, 'काल उरी.'

काल. उरी.
असं कोण बोलतं? शाळेच्या कवितेत बोलत असत.
पण तिच्या कपाळावर घाम होता
आणि मी धावले.
गार जेली, वायरी, चिमटे.
तिचं काळीज कागदावर उतरत गेलं
एका चालीत, कुठे अडखळलं म्हणून नाही.
'काल उरी,' ती पुन्हा, आता रागाने.
'काल ना? किती वाजता?'
मी मोठ्यांदा विचारलं,
जणू ओरडलं की भाषा बदलते.

दस्तगीर मुल्लाणी सलाईनचा स्टँड ढकलत थांबला.
'मॅडम, छाती कशाला बघतायसा?
काल म्हंजे पाय. उरी म्हंजे आग.
कानडी हाय ते.'

चादर सरकवली.
डाव्या तळव्यात बाभळीचा काटा,
भोवती काळंनिळं, पू.
कधी रुतला, तिला ठाऊक नव्हतं.
साखर चारशे बारा.

पहाटे चहाबरोबर दस्तगीरनं मला एक शब्द दिला,
'हेदरब्याड्री'. भिऊ नका.
हातमोज्यांच्या खोक्याच्या तुकड्यावर लिहून घेतला,
खिशात घातला,
ड्रेसिंगच्या वेळी बाळव्वाला म्हणून दाखवला.
तिनं पाय तसाच माझ्या हातात ठेवून
माझा उच्चार दुरुस्त केला. दोनदा.
तिसऱ्यांदा म्हटला तेव्हा मान हलवली,
चालेल अशी.

सकाळी आईचा फोन. काही खाल्लंस का गं?
डोळे मिटत होते.
म्हटलं, 'होय, मी जेवलो.'
पलीकडे क्षणभर काहीच नाही.
मग आई म्हणाली,
'कोण बोलतंय?'