फुगवटा

पहाटे साडेचारला हडपसर मागे पडलं
आणि टोलनाका यायच्या आधीच सुहासिनी म्हणाली,
आज ऑफिसचं काही नको.
मला निवृत्त होऊन चौदा महिने झालेत.
तरी तिने सांगितलं, आणि मी मान हलवली.

चौफुल्याला चहा. कुरकुंभला काच वर.
भिगवणच्या पुढे उसाच्या दोन भिंतींमधून
एवढासा रस्ता कुंभारगावात उतरला
आणि जिथे संपला तिथे पाणी होतं,
पलीकडचा काठ नसलेलं.

नवनाथने बांबू रोवून होडी ढकलली.
वय असेल बावीस. डोक्याला मफलर, पायात काही नाही.
दुर्बिणीचे शंभर वेगळे, म्हणाला,
आणि न मागता तिच्या गळ्यात घातली.

मग लग्नात भावकीची ओळख करून द्यावी
तसा तो एकेक दाखवत गेला.
हे शेकाटे. पाय बघा, उसने आणल्यागत.
हा चक्रवाक, लांब लडाखकडचा. जोडीनं राहतो, भांडतो पण.
ते पट्टकादंब. हिमालय ओलांडून येतात
आणि आमच्या हरभऱ्यात उतरतात.
आबा शिव्या घालतात, मी गिऱ्हाईक आणतो.

रोहित लांब होते, चिखलाच्या पट्टीवर.
आधी वाटलं, कुणी धुणं वाळत घातलंय.
नवनाथने इंजिन बंद केलं.
सगळ्या माना उलट्या, चोची पाण्यात,
आणि एक बारीक आवाज, सतत,
शेजारच्या घरात कुणी भांडी विसळतंय असा.

किती स्वच्छ वाटतंय ना,
सुहासिनी कुजबुजली.

पाण्याला वास होता.
फार नाही. दुसऱ्या कुणाला आला नसता.
तेहतीस वर्षं तो माझ्या डब्याला होता, शर्टाला होता,
नाल्यावरच्या त्या पंपिंग स्टेशनात
जिथे रोज सकाळी मी वहीत लिहायचो
किती दशलक्ष लिटर आलं
आणि किती शुद्ध झालं.
दुसरा आकडा साहेब सांगायचे.

कुठलं रे हे पाणी? मी विचारलं. मला माहीत होतं.
तुमचंच की, नवनाथ हसला.
आधी पुणं वापरतं, मग पाखरं, मग आम्ही.

आणि यांना चालतं?

चालतं म्हणजे, ताई, पोर करडं असतं यांचं.
पाण्यातलं खाऊन खाऊन
हळूहळू गुलाबी होतं.

सवयीने हिशेब मांडला मी:
मोरीतून नाला, नाल्यातून मुठा, संगमावर मुळा,
रांजणगाव सांडसला भीमा, मग दौंड, मग हा फुगवटा.
किती दिवस? पावसाळ्यात वेगळे, फेब्रुवारीत वेगळे.
म्हणजे मागच्या एखाद्या रविवारी
केस धुताना ती जे गुणगुणत होती
त्याचा फेस आत्ता इथे,
त्या वाकड्या चोचीत.

तिने दुर्बीण काढून माझ्या हातात दिली.
तुम्हाला माहीत होतं.
मी म्हटलं, ऑफिसचं काही नको म्हणालीस.

तेवढ्यात कशाने तरी (भोवत्या असावा, नवनाथ म्हणाला)
ते उठले. एकदम नाही,
काठाकडून, चादर झटकत न्यावी तसे.
पंखांखालून लाल, काळे, पुन्हा लाल.
आमच्या डोक्यावरून जाताना
घशातून घोगरं काहीतरी बोलत होते.
मी दुर्बीण लावायची विसरलो.
किती होते, मोजलं नाही.

दुपारी नवनाथच्या घरी जेवलो.
चिलापीचं कालवण, बाजरीची भाकरी.
त्याची आई म्हणाली, लाजू नका, याच पाण्यातली हाय, ताजी.
मी ताटाकडे बघत राहिलो जरासा.
सुहासिनीने दुसरी तुकडी मागून घेतली.

रात्री घरी मोरीत बूट धुतले.
करडा गाळ जाळीवर थांबला.
त्यात शिंपल्याचा एक तुकडा, नखाएवढा.
तो उचलून खिडकीत ठेवला.
बाकीचा, नळ सोडून, जाऊ दिला.

किती पाणी घालवताय, ती बाहेरून म्हणाली.
जातंय कुठे, म्हणालो.