तिसरं वळण

ती जेटीवरून उतरली
तेव्हा मी कोरड्या वाटेकडे हात केला.
पण ती माझ्या पायांकडे बघत राहिली,
आणि चिखलात उमटलेल्या माझ्याच ठशांवर
एकेक पाऊल ठेवत आली.
सेंथूरन, तिचा दुभाष्या, हळूच म्हणाला,
गावाकडची सवय. पुढचा गेला तिथूनच जायचं.
सुरुंग काढले सगळे, असं सरकार म्हणतं.
पाय म्हणत नाहीत.

तवमलर तिचं नाव. माझ्याच वयाची.
शिरवाडीला तीन दिवस आली होती
आम्हां बायकांचा होडीचा धंदा बघायला.
तिच्याकडेही खाडी आहे, तिवरं आहेत,
लढाईत तोडली ती आता पुन्हा डोक्याएवढी,
आणि पाहुणे यायला लागलेत,
त्यांच्या मागून हॉटेलवाले,
कुंपणाच्या तारांची भेंडोळी घेऊन.

मी तिला सगळं सांगितलं.
दिवसाला आठ फेऱ्या. नववी नाही,
मग आमदाराचा मेव्हणा का येईना.
मोटर नाही, वल्हं.
वेफरच्या पिशव्या आमच्याकडे ठेवायच्या, उतरताना परत.
जेवणात सुंगटं मिळाली तर सुंगटं,
नाहीतर वालीची भाजी आणि सोलकढी, तक्रार नको.
पावसाळ्यात होड्या पालथ्या, खाडी खाडीची.
पैसे दहा जणींत. आजारी असेल तिलाही वाटा.
पहिल्या वर्षी नवरे हसले, हेही सांगितलं,
दुसऱ्या वर्षी हिशेब विचारायला लागले, हेही.
ती लिहीत होती. तिची अक्षरं गोल गोल,
मुळ्यांच्या शिंपल्या ओळीनं मांडाव्यात तशी.

मग होडीत फक्त आम्ही दोघी.
तिनं बोट दाखवून तिच्याकडचं नाव सांगायचं, मी माझ्याकडचं.
निवट्या उडाला तेव्हा दोघी एकदमच ओरडलो.
कुर्लीला नाव लागलंच नाही,
दोघींनी बोटांचा चिमटा करून दाखवला.

तिसऱ्या वळणावर मी गप्प झाले.
तिथं मी नेहमीच गप्प होते.
पाहुण्यांना वाटतं, पक्ष्यांसाठी.
ते मोबाइल खाली ठेवतात, श्वास धरतात,
आणि नंतर वहीत लिहून जातात,
काय सुंदर शांतता.
ड्रेजरनं वाळू ओढून तिथं डोह केला होता,
आणि नारू, माझा धाकटा भाऊ,
कालवं काढायला कंबरभर पाण्यात उतरला,
त्याला वाटलं कंबरभरच आहे.

तवमलरनं वल्ह्यावर हात ठेवला.
दुभाष्या काठावर राहिलेला.
तिनं तळवा आडवा धरून हवेत वर-खाली केला:
केवढा?
मी माझ्या डोक्याच्या वर हात नेला.
तिनं मान हलवली. मग स्वतःचे दाखवले,
एक डोक्याच्या वर,
एक खांद्याशी,
एक गुडघ्याशी.
भरती लागली होती. होडी आपोआप आत सरकत राहिली.

रात्री तिनं सेंथूरनला समोर बसवून विचारलं,
पाहुणे विचारतात, इथं काय झालं होतं?
काहीजण तर त्याचसाठी येतात.
सांगायचं की नाही? तुमच्या नियमांत ते कुठंय?
मला काही सुचेना.
भागीरथीवैनी पेडव्यांची खवलं काढत होती,
मान वर न करता म्हणाली,
‘इचारल्यानी तर सांग, बाय.
पन त्येचे पैशे घेव नको.’
सेंथूरनला मालवणी कळायला वेळ लागला,
आणि कळल्यावर सांगायला त्याहून जास्त.
वही उघडी होती. तिनं लिहिलं नाही.

दहा महिन्यांनी फोटो आला.
निळी होडी, तिच्या लिपीतली पाटी,
खाली आकडा: सहा.
माझ्याहून कडक निघाली.
मी फोटो मोठा करून बघितला.
गावातून जेटीपर्यंतची वाट
जेमतेम एका पावलाएवढी रुंद,
दोन्ही बाजूंना गवत कमरेएवढं, कोणी न तुडवलेलं.

वैनीला दाखवला.
तिनं चष्मा लावला, बराच वेळ बघितलं.
‘पाव्हण्यांका वाटतला,’ ती म्हणाली,
‘गवात वाचवूक आसा.’