हात मागे

तीन दिवस मला गुलाबाला हात लावू दिला नाही.
नैवाशाच्या तळ्याकाठी, हॉटेलच्या मागल्या खोलीत
आम्ही चौदाजण, जन्मात पहिल्यांदा
खुर्चीवर बसून रोज कमावणारे.
किप्लागट सर फळ्यावर बाण काढत होते,
ध्येय, कृती, आढावा,
आणि बाण फिरून परत ध्येयाला टेकत होता.

मी अकरा वर्षं देठ निवडले आहेत.
चाळीस सेंटिमीटर, पन्नास, साठ.
पट्टी लागत नाही, मनगटाला कळतं.
कुठली कळी विमान उतरेपर्यंत तग धरेल,
कुठली खोक्यातच मान टाकेल,
हे मला कुणी शिकवलं नाही.
म्हणजे शिकवलं. न्याबोकेने. कोपराने ढोसून.

दुसऱ्या दिवशी जेवणात कोंबडी होती,
आणि जेवणानंतर एक खेळ:
डोळे बांधलेल्या माणसाला नुसत्या शब्दांनी
टेबलांमधून दारापर्यंत न्यायचं.
मी माझ्या माणसाला सरळ दंडाला धरून नेला.
सगळे हसले. सर हसले नाहीत.
म्हणाले, पोचला तो, नासिमियू. पण शिकला काय?

प्रमाणपत्र मिळालं, प्लास्टिकमध्ये घातलेलं.
माझ्या नावातलं एक अक्षर चुकलंय.

सोमवारी मोराआ आली, एकोणीस वर्षांची,
ढगळ एप्रन दोनदा गुंडाळून बांधलेला.
साठचा देठ तिने पन्नासच्या बादलीत टाकला.
माझा हात शिवशिवला.
मी तो पाठीमागे नेला, दुसऱ्या हाताने धरला
आणि मनात आकडे मोजू लागले.
शीतगृहाचं दार उघडलं, मिटलं.
बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न दिला.
मोराआने पुढचा देठ उचलला. थांबली.
बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
(मी छताकडे.)
मग वाकली, आणि शंभर देठांतून
तो एक बरोबर उपसून काढला.

ट्रक बारा मिनिटं उशिरा सुटला.
मॅनेजरने विचारलं, लाइन का तुंबली?
त्याच्या डोक्यामागे पोस्टर आहे,
माणसं हीच आमची संपत्ती, खाली सूर्यास्त.
मी म्हणाले, शिकवत होते.
तो म्हणाला, शिकवणं झालं ना?
तीन दिवस पाठवलं होतं की तुला.

संध्याकाळी नळाखाली हात धरले तेव्हा दिसलं,
उजव्या मनगटावर
माझ्याच डाव्या हाताची चार बोटं उमटली होती.