खांड

सरांनी विचारलं, बाहेर थांबतेस का?
मी नाही म्हटलं, शिशाचा एप्रन चढवला.
नेरुळच्या या कॅथलॅबमध्ये नऊ वर्षं
पडद्यावर उमटणाऱ्या काळ्या फांद्या पाहतेय.
आज फाइलवर नाव: पदाजी मढवी, घणसोली.
साखर बावीस वर्षांची,
माझ्या धाकट्या भावाएवढी.

रंग सोडला.
डावीकडची मोठी नळी अर्ध्यात थांबली.
काहींना अशा वेळी शेजारून बारीक वाटा फुटतात,
शरीर आपलं आपण करतं.
बाबांना फुटल्या नव्हत्या.

हा माणूस खाडीचे बाहेरकाठे बांधायचा.
उधाणात खांड गेली की रात्रीच निघायचा,
कमरेएवढ्या चिखलात, पेंढा, माती, हातावर हात,
पुढच्या भरतीआधी बांध उभा.
"कोनी बोलवाला लागं नाय," सांगतो अजून,
"मानसा आपसूक येत."

त्या शेतात आता सेक्टर आहे, सातमजली,
खाली मेडिकलचं दुकान. तिथूनच त्याच्या गोळ्या.

संध्याकाळी वॉर्डात त्याला समजेल असं सांगत बसले:
साखरेनं आग नाही लावली बाबा, धग लावली.
आतलं अस्तर जरा खरवडलं की पेशी धावून येतात,
येऊ देत, ते त्यांचं कामच.
पण तुझ्या आत त्या परतल्याच नाहीत.
वीस वर्षं बांधावर येरझाऱ्या,
खांड गेली, खांड गेली, ओरडत,
आणि ताजी माती त्यांच्याच पायांखाली.
हाडांच्या मगजातून दुरुस्तीला निघालेले
मुळात थोडे, त्यात दमलेले,
त्या गोंगाटात अर्धे वाटेतच संपले.

तो छताकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "हाळी थांबवाची ना पोरी.
चिखल बसाला येल लागतं."

एवढं आमच्या पुस्तकात इतक्या सोपं नव्हतं.

सर स्टेंट टाकून घरी गेले होते.
मनगटावर, तार गेली तिथं, अजून झिरपत होतं.
मी अंगठा दाबून धरला.
घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं. पंधरा.
एवढासा छेद,
इतरांचा कधीच मिटला असता.
"झाला का बंद?" त्यानं विचारलं.
थांब, म्हटलं. बोलू नकोस.
बसतंय.