डावा गुडघा

अन्वरभाई बकऱ्याचे गुडघे वेगळे काढून ठेवतात,
पैसे घेत नाहीत. विचारतात,
"मॅडम, आज तरी कळलं का काही?"
अंबाजोगाईत सकाळी साडेसहाला मी डबा घेऊन निघते,
जेवणाचा नव्हे.

कूर्चा ओल्या खोबऱ्यासारखी,
तशीच पांढरी, सुरीला किंचित अडणारी.
आत रक्तवाहिनी नाही, चेतातंतू नाही.
पेशी एकेकट्या, आपापल्या खोबणीत,
शेजारणीचं तोंड न पाहता जन्म काढणाऱ्या.
पाय टाकला की पाणी बाहेर, उचलला की आत.
चालणं हेच त्यांचं जेवण.

एका तुकड्यावर मी वजन हळूहळू ठेवते.
दुसऱ्यावर तेच वजन वीतभरावरून सोडते.
आवाजही फारसा होत नाही.
रंग टाकला की जिवंत ती हिरवी, मेलेली लाल.
पहिल्यात सगळं शिवार हिरवं.
दुसऱ्यात वरच्या थराला, तड्याच्या कडेने, लाल ठिपके.
उद्या त्याहून जास्त.
परवा त्याही, ज्यांना काही लागलंच नव्हतं.
उरलेल्या आपलंच घर पोखरायला लागतात.
का, ते मी तीन वर्षं लिहिते आहे,
लाइट असेल तेव्हा.

मुद्रिका खांबावर आदळली तेव्हा मी दोरीपाशी उभी होते.
धाराशिव, अठरा वर्षांखालच्या मुली, शेवटचे चाळीस सेकंद.
उठली, गडी बाद केला, मगच खाली बसली.
एक्स-रेत हाड धड. आईने आंबेहळद उगाळून लावली,
सूज आठवड्यात उतरली.
"मपला गुडघा मला कळतो," म्हणाली,
आणि पुढचे सहा हंगाम खेळली.

नव्हता कळत.
दुखायला तिथे कोणी नव्हतंच.

आता ती रेणापूरच्या शाळेत पी.टी. शिकवते.
जिना उतरताना आधी डावा,
मग त्याच पायरीवर उजवा.
गादी झिजली म्हणतात डॉक्टर. वय छत्तीस.

फोनवर विचारते, "तुझ्या बकऱ्यांचं कुठवर आलं?"
मी सांगते, पहिल्या चोवीस तासांत औषध पडलं
तर थोड्या वाचतात. काचेच्या बशीत. बकऱ्याच्या.
ती गप्प. हिशेब करते,
मला इकडे ऐकू येतो.

मग म्हणते, शाळेच्या दोन्ही खांबांना गाद्या बांधल्यात.
आईच्याच, जुन्या.
कापूस तेवढा पिंजून घेतला.